सावरण्याचं शास्त्र

मैत्रिणींनो, आज आधी एक चूक कबूल करते. माझी स्वतःची.

आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याच्या दहा तारखेला दुपारी तीन वाजता असते. आम्ही चौदाजणी. खजिनदार शिवणकाम करणारी, दहावी शिकलेली, पण हिशेब असा चोख की रुपयाचा फरक पडणार नाही. बारा वर्षांत तिने एकही बैठक चुकवली नव्हती. गेल्या वर्षी आषाढातल्या बैठकीला मात्र ती आली नाही. मुलीच्या हाती निरोप पाठवला, "आईला बरं नाही."

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. दिवेलागण होऊन गेली होती, तरी घरात अंधार. मशीनवर अर्धवट शिवलेला ब्लाऊज तसाच पडलेला. मला बघितलं आणि ती रडायलाच लागली. चार दिवसांपूर्वी तिला मोबाइलवर मेसेज आला होता, की तुमचं वीजबिल भरलेलं दिसत नाही, आज रात्री लाईट कापली जाईल. खाली एक नंबर. हातात तीन गिऱ्हाइकांचे लग्नाचे कपडे, लाईट गेली तर मशीनची मोटार बंद. तिने फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलला. एक अ‍ॅप घ्यायला सांगितलं, दहा रुपये भरून बघा म्हणाला. त्या अ‍ॅपमुळे तिच्या मोबाइलवर दिसणारं सगळं त्यालाही दिसायला लागलं. दहा मिनिटांत चाळीस हजार रुपये गेले. त्यातले बारा हजार तिच्या शिलाईचे, अठ्ठावीस हजार गटाचे. आम्ही सगळ्याजणी हप्ता तिच्याच मोबाइलवर पाठवायचो ना! बँकेत जायला वेळ कुणाला आहे?

मी विचारलं, "अगं, चार दिवस गप्प का बसलीस? त्याच दिवशी सांगायचं नाही का?"

ती खाली बघत म्हणाली, "वहिनी, तुमच्याच भीतीनं."

मला आठवलं. दोन महिन्यांपूर्वी गटातल्या एकीने कुणाला तरी ओटीपी सांगितला होता, तिचे चार हजार गेले होते. भर बैठकीत मी तिला फैलावर घेतलं होतं. "इतकं घसा फोडून सांगते, कळत कसं नाही तुम्हाला?" सगळ्या हसल्या होत्या. खजिनदारही हसली होती. आता तीच पाळी तिच्यावर आली, तेव्हा तिला नवऱ्यापेक्षा माझा चेहरा आधी दिसला. गळ्यातलं मोडून गुपचूप पैसे भरून टाकायचे, असं तिने ठरवलं होतं.

त्याच रात्री आम्ही १९३० या नंबरवर फोन केला, बँकेत कळवलं, पोलिसांत गेलो. पण चार दिवसांत पैसा या खात्यातून त्या खात्यात फिरत कुठल्या कुठे गेला होता. एका खात्यात जेमतेम दोन हजार अडकलेले सापडले.

नेमक्या त्याच आठवड्यात माझी भाची दोन दिवस राहायला आली. आणि इथे मला दुसरी कबुली द्यायची आहे.

भाची बी.कॉम. झाली तेव्हा तिने घरात जाहीर केलं, की मला सायबर सुरक्षेत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय. त्यातही जोखीम व्यवस्थापन आणि रिझिलिअन्स. माझ्या बहिणीला तो शब्दच उच्चारता येईना. तिने मला फोन केला, "तू समजाव तिला. पोरगी काही कॉम्प्युटरवाली नाही. म्हणावं, बी.एड. कर, गावातच शाळेत लाग." मी कलाशाखेची पदवीधर, संगणक म्हटलं की दोन पावलं मागे सरकणारी. मीही भाचीला तेच सांगितलं, "बाई गं, ते इंजिनिअर पोरांचं काम." तिने ऐकलं नाही. शिकवण्या घेऊन पैसे साठवले, थोडं कर्ज काढलं आणि पुण्यात एका संस्थेत दाखल झाली. त्यानंतर वर्षभर मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, की तू शिकतेस तरी काय?

त्या रात्री मी तिला खजिनदाराची हकीकत सांगितली. वाटलं, ही आता पासवर्डबद्दल काहीतरी सांगेल. तिने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. गटाचे पैसे एकीच्या खात्यावर का? तिच्या खात्यातून एका दिवसात किती रक्कम बाहेर जाऊ शकते? ती आजारी पडली, मोबाइल हरवला, तर हिशेब दुसऱ्या कुणाकडे आहे? आणि शेवटी, "मावशी, चूक झाली तर पहिला फोन कुणाला करायचा, हे तुमचं ठरलंय का?"

मी म्हटलं, "मलाच की."

"मग तिने का नाही केला?"

मी काही बोलले नाही. तीच म्हणाली, "आमच्याकडे पहिल्याच सत्रात शिकवतात, की माणसाच्या हातून चूक होणार, हे धरूनच चालायचं. चूक करणाऱ्याला शिक्षा होते असं दिसलं, की पुढचा माणूस ती लपवतो. तुमच्या गटात सगळ्यात मोठी जोखीम काय होती सांगू? तुला फोन करायची भीती."

राग आला मला. पण रात्री झोप लागली नाही. सकाळी मीच तिला म्हटलं, "सांग बाई, काय असतं ते तुझं शास्त्र."

तिने जे सांगितलं, ते माझ्या शब्दांत तुम्हाला सांगते. जोखीम व्यवस्थापन म्हणजे आधी यादी करायची. आपल्याकडे मोलाचं काय आहे, त्याला धोका कशाकशाचा, तो घडण्याची शक्यता किती आणि घडलाच तर नुकसान केवढं. मग प्रत्येक धोक्यापुढे चार वाटा. धोका टाळता येतो, कमी करता येतो, विमा काढून दुसऱ्यावर सोपवता येतो, नाहीतर समजून-उमजून पत्करावा लागतो. मी मनात म्हटलं, अगं, हे तर आम्ही पावसाळ्याच्या आधी दरवर्षी करतो! कौलं चाळून घेतो, सरपण आत घेतो, धान्याला पाला लावतो आणि एवढं करूनही एखादा कोपरा गळणारच म्हणून तिथे पातेलं ठेवतो. फरक एवढाच, की ती हे बँकेसाठी, इस्पितळासाठी, वीज कंपनीसाठी लेखी, मोजून-मापून करायला शिकते.

आणि रिझिलिअन्स? मराठीत मला त्याला 'सावरणं' हाच शब्द आवडला. घाव बसला तरी काम चालू ठेवणं आणि लवकर पूर्वपदावर येणं. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने २०१४ साली या कामाचा एक आराखडा दिला, जगभर तो वापरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. त्यात सहा कामं सांगितली आहेत. कारभाराची घडी बसवणं, आपल्याकडे काय आहे ते ओळखणं, त्याचं रक्षण करणं, संकटाची चाहूल घेणं, प्रसंगाला तोंड देणं आणि सावरणं. आपण सगळे रक्षणापाशीच थांबतो. कुलूप मोठं लावलं की झालं! चोर शिरलाच तर पुढे काय, याचा विचार करायलाही अपशकुन वाटतो.

भाचीने त्या दिवशी एक गोष्ट सांगितली, ती मी गटात तीनदा सांगून झाली आहे. २७ जून २०१७. मेर्स्क नावाची डेन्मार्कची मोठी जहाज कंपनी आहे. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरायच्या एका सॉफ्टवेअरमधून विषारी प्रोग्राम पसरला, तो या कंपनीच्या जगभरच्या संगणकांत शिरला. बंदरांतली कामं ठप्प झाली. आपल्या उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातल्या तिच्या टर्मिनललाही फटका बसला. संगणकांचं सगळं जाळं कोण कुठला, कुणाला कुठे प्रवेश, हे ज्या सर्व्हरवर नोंदलेलं असतं, त्यांच्या प्रती कंपनीने जगभर ठेवल्या होत्या. त्या एकमेकींशी जोडलेल्या. त्यामुळे एक गेली तशा सगळ्याच गेल्या. फक्त एक प्रत वाचली, आफ्रिकेतल्या घाना देशात. का वाचली? तर हल्ला झाला तेव्हा तिथे लाईट गेलेली होती!

आमच्या गटात या वाक्याला टाळ्या पडतात. लोडशेडिंगने कुणाचं भलं झाल्याचं आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. पुढे त्या एका प्रतीच्या आधाराने कंपनीने सुमारे दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक पुन्हा उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. भाची म्हणाली, "नशिबाने वाचलेली ती प्रत मुद्दाम, ठरवून वेगळी ठेवायची, हेच आम्ही शिकतो."

आपल्या देशातलंही उदाहरण आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला, तेव्हा सुमारे दोन आठवडे केसपेपरपासून तपासण्यांच्या नोंदींपर्यंत कितीतरी कामं हाताने लिहून करावी लागली. संगणक बंद पडला तर रुग्णाची नोंद कुठल्या कागदावर, कुणी करायची, हे आधी ठरवून ठेवणं हासुद्धा याच शास्त्राचा भाग.

तुम्ही म्हणाल, डेन्मार्क, दिल्ली, आपला काय संबंध? संबंध अगदी बाजारपेठेपर्यंत येतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. पहिला घाव घातला तो दुसऱ्या शनिवारी, बँका बंद असताना. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, सोमवारी आणखी रक्कम हाँगकाँगला वळती झाली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. कॉसमॉस ही नागरी सहकारी बँक. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने देशातल्या नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची पायाभूत चौकट घालून दिली. म्हणजे आपल्या गावात, एस.टी. स्टँडसमोर जी सहकारी बँक आहे ना, जिथे आपली ठेव असते, तिलाही हे काम समजणारं माणूस लागतं. पुढे एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने नियम काढला, की ठरावीक प्रकारचा सायबर हल्ला लक्षात आला की सहा तासांच्या आत कळवायचं. २०२३ साली लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. हे सगळं कागदावरून कामात आणणारी माणसं कुठून यायची?

त्यातली काही माणसं आपल्या घरातून येऊ शकतात, एवढंच मला सांगायचंय. यात संगणकाच्या पोटात शिरणारं काम आहे, त्याला तसं शिक्षण लागतंच. पण तपासणी करणं, नियम लिहिणं, कर्मचाऱ्यांना शिकवणं, माणसं फसतात कशी हे समजून घेणं, संकटात कुणी काय करायचं याची तालीम घेणं, असंही काम आहे. तिथे कायदा शिकलेली, वाणिज्य शिकलेली, मानसशास्त्र शिकलेली मुलगी कमी पडत नाही. अर्थात संगणकाचं मूळ तिलाही शिकावं लागतं. भाचीने पहिले सहा महिने रात्र-रात्र जागून ते केलं.

शिकायचं कुठे, असं विचारणाऱ्यांसाठी थोडं. लंडन विद्यापीठाच्या रॉयल होलोवे कॉलेजात माहिती सुरक्षेचा एम.एस्सी. अभ्यासक्रम १९९२ पासून आहे, म्हणजे विषय काही कालचा नाही. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सायबर सुरक्षेचा पदवी आणि पदव्युत्तर पातळीवरचा अभ्यासक्रम जाहीर केला. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवतं, त्याचं एक केंद्र गोव्यातही आहे. संगणकाची पार्श्वभूमी असलेल्यांसाठी पुण्याच्या सी-डॅकची पदव्युत्तर पदविका आहे. घर सांभाळून शिकायचं तर इग्नूचा सायबर कायद्यावरचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम बघावा. प्रवेशाच्या अटी दरवर्षी नीट वाचून घ्या. आणि 'शंभर टक्के नोकरी' अशी पाटी लावलेल्या क्लासमध्ये पैसे भरण्याआधी त्याची मान्यता तपासा. सुरक्षेचं शिक्षण घेतानाच फसगत व्हायला नको!

आता गटाचं काय झालं ते सांगते. पुढची बैठक वादळी झाली. दोघींचं म्हणणं, खजिनदार बदला आणि सगळे पैसे तिच्याकडून वसूल करा. ती तयारच होती, गळ्यातलं काढून समोर ठेवायला निघाली. मी उठून उभी राहिले. म्हटलं, हप्ता तिच्या मोबाइलवर पाठवायचं ठरवलं कुणी? आपण सगळ्यांनी. सोय आपली, जोखीम एकटीची, हे बरोबर नाही. आणि ती चार दिवस गप्प बसली त्याचं कारण मी आहे. मग ज्या बाईला मी मागे फैलावर घेतलं होतं, तिची सगळ्यांदेखत माफी मागितली. दोन तास चर्चा झाली. शेवटी ठरलं, अठ्ठावीस हजारांचा भार चौदाजणींनी उचलायचा, प्रत्येकी दोन हजार, दहा महिन्यांत. त्या दोघींनी वाटा दिला, पण अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. चालायचंच.

खजिनदार तीच राहिली. व्यवस्था बदलली. हप्ता थेट गटाच्या खात्यात, पैसे काढायला दोघींच्या सह्या. हिशेबाच्या दोन वह्या, दोन घरांत. प्रत्येकीने आपल्या मोबाइलवरून दिवसाला किती रक्कम जाऊ शकेल याची मर्यादा कमी करून घेतली. आणि कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. पहिला फोन १९३०. दुसरा बँकेला, तक्रारीचा नंबर मागून घ्यायचा. मग सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद. चौथी ओळ माझ्या अक्षरात आहे: 'पहिल्या तासात कुणी कुणाला बोल लावायचा नाही.'

पहिल्या तासाला एवढं महत्त्व का? १९३० ला कळवलं की तो निरोप बँकांपर्यंत जातो आणि पैसा ज्या खात्यात पोचला असेल तिथेच तो रोखता येतो. चोराने तो काढून घेतला की मागे धावणं उरतं. शिवाय रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये तत्त्व घालून दिलं, की ग्राहकाने स्वतः गुप्त आकडा सांगितल्याने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक आपली असली तरी बोलण्यात फायदा आहे. गप्प बसण्यात कुणाचाही नाही, एका चोराशिवाय.

दिवाळीच्या सुट्टीत भाचीने आमची तालीमही घेतली. ती झाली तोतया पोलीस. "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही!" अशी काही अटक कायद्यात नाहीच, हे आमच्यातल्या निम्म्याजणींना तेव्हा कळलं. गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी, वय बासष्ट, त्यांनी मात्र तोतयाची भंबेरी उडवली. "साहेब, जरा थांबा, गॅसवर दूध आहे," म्हणून फोन ठेवून दिला तो दिलाच. हसून हसून पुरेवाट झाली. पण धडा पक्का बसला. घाई करणाऱ्यापासून आधी लांब व्हायचं, मग विचार करायचा.

आणि यंदाच्या फेब्रुवारीत खरी वेळ आली. भर दुपारी एकीचा फोन, आवाज थरथरत होता, "वहिनी, पाच हजार गेले. आत्ताच गेले. माझंच चुकलं." जीभ अगदी टोकाशी आली होती माझी, खोटं कशाला बोलू! ती गिळली आणि विचारलं, "१९३० लावलास?" "लावला, म्हणूनच आता तुम्हाला सांगते." तिची बहुतेक रक्कम वाटेतच अडवली गेली.

भाची आता शेवटच्या वर्षाला आहे. लग्नकार्यात कुणी विचारलं की माझी बहीण ऐटीत सांगते, "ती बँकांचं रक्षण करायला शिकते." समोरची बाई विचारते, "म्हणजे पोलिसात का?" बहीण माझ्याकडे बघते. मग मी त्यांना घानाच्या लाईटची गोष्ट सांगायला घेते.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातली एखादी मुलगी असलं काही अवघड नाव घेऊन तुमच्यापुढे आली, तर 'हे आपलं काम नाही' म्हणण्याआधी तिला तासभर बोलू द्या. मी ते वर्षभर उशिरा केलं. आणि आज रात्री जेवायला बसाल तेव्हा सासूबाईंना, मुलांना, नवऱ्याला एवढंच सांगून ठेवा, की मोबाइलवर काही चुकलं तर आधी मला सांगा. रागवायचं की नाही, ते उद्या बघू.